द्राक्षमळ्यांतील वाटा आणि आमचे प्रवासी

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या सुशिक्षित समाजांत परदेशप्रवासाची हौस फार वाढली आहे, आणि ती वाढली याचें आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. ज्यांच्या आज्यांनीं काशी-रामेश्वरापलीकडे पाऊल टाकलें नाहीं, त्यांच्या नातवंडांनीं पॅरिस पाहावें यांत गैर तें काय? आमची तक्रार निराळी आहे. ही मंडळी जातात खरीं. पण पाहतात काय? परवां आमच्या आप्तांपैकीं एक दांपत्य फ्रान्सांतील द्राक्षप्रांत "करून" आलें. त्यांनीं मोठ्या उत्साहानें छायाचित्रें दाखविलीं. प्रत्येक चित्रांत एक पेला, पेल्यामागें एक चेहरा, आणि चेहऱ्यामागें कांहींतरी धूसर हिरवें. तें हिरवें काय, असें आम्हीं विचारलें. "द्राक्षांचे मळे," असें उत्तर मिळालें. "त्या मळ्यांतून आपण चाललां किती?" या दुसऱ्या प्रश्नावर मात्र उभयतां एकमेकांकडे पाहूं लागलीं. सकाळीं मोटारगाडी, दिवसभरांत चार तळघरें, प्रत्येक तळघरीं तीन पेले, आणि संध्याकाळीं मुक्कामाच्या शहरीं परत. यांत चालण्यास सवड होती कोणास?

या रीतीस अलीकडे "वाइन-पर्यटन" असें भारदस्त नांव मिळालें आहे. आमचें म्हणणें असें कीं, हें पर्यटन नव्हे. ही फार तर पेयांची वरात होय. द्राक्षप्रांताचें खरें ऐश्वर्य बाटलींत नसून वाटेंत आहे. आणि ती वाट चालल्यावांचून जो तेथून परततो, तो तेथें गेलाच नाहीं असें समजण्यास हरकत नाहीं.

बर्गंडी प्रांताचेंच उदाहरण घ्या. दिजाँ शहराच्या दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटर लांबीची एक उतरण आहे; तिला तेथील लोक 'कोत', म्हणजे उतार, एवढ्याच साध्या नांवानें ओळखतात. तिची रुंदी इतकी थोडी कीं, पायथ्याच्या हमरस्त्यापासून माथ्यावरील रानापर्यंत धडधाकट माणूस तासाभरांत पोहोंचतो. या चिंचोळ्या पट्ट्यांत १,२४७ 'क्लिमा' आहेत. येथें क्लिमा म्हणजे हवामान नव्हे; स्वतःचें नांव, स्वतःची सीमा आणि स्वतःचा लौकिक असलेला मळ्याचा तुकडा म्हणजे क्लिमा. युनेस्कोनें २०१५ सालीं यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. आतां मोटारीच्या कांचेंतून पाहणाऱ्यास या १,२४७ तुकड्यांची एकच हिरवी सतरंजी दिसते. पायीं चढणाऱ्यास मात्र खालची जड, ओल धरणारी माती, मधली खडेदार चुनखडी आणि माथ्याजवळचा पातळ थर हे निरनिराळे असल्याचें जोड्याच्या तळव्यासच कळतें. सर्वांत नामांकित मळे मधल्याच पट्ट्यांत कां, हें सांगण्यास मग मार्गदर्शकाचें व्याख्यान लागत नाहीं.

झेव्रे-शांबेर्तां या गांवाच्या मागें 'कोंब लाव्हो' नांवाची कोरडी दरी आहे. कांहीं वर्षांपूर्वीं शरदऋतूंत आम्ही तेथून वर गेलों. वेलींच्या रांगा संपल्या आणि थोड्याच पावलांत आम्ही झाडींत शिरलों. दोहों बाजूंस चुनखडीचे पांढरे कडे, मध्यें दगडगोट्यांची वाट, आणि वर पठारावरचें रान. मागें वळून पाहतां सारी उतरण पायांखालीं उलगडलेली. वाटेच्या कडेस दगडांचे लांबट ढीग दिसतात, त्यांस 'म्यूर्झे' म्हणतात. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनीं मळ्यांतून वेंचून टाकलेले हे दगड. त्याच दगडांचीं, चुन्यावांचून रचलेलीं खोपटीं म्हणजे 'काबोत'. वळिवांत सांपडलेल्या मजुराचा तो आसरा. ज्या मद्याची बाटली आमच्या आप्तांनीं एवढ्या भक्तीनें घरीं आणली, तें कोणाच्या पाठीच्या कण्यावर उभें आहे, हें या ढिगांपाशीं क्षणभर थांबल्यास समजतें. तळघरांतील मंद दिव्यांत तें समजत नाहीं. तेथील दिव्यांची योजनाच निराळ्या हेतूनें केलेली असते.

याच उतरणीवर क्लो द वूजो नांवाचा सुमारें पन्नास हेक्टरांचा भिंतबंद मळा आहे. १०९८ सालीं स्थापन झालेल्या सितो येथील मठाच्या साधूंनीं तो उभा केला. फ्रेंच राज्यक्रांतींत धर्मसंस्थेच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या, आणि पुढें विभागणी होत होत आज त्या एका भिंतीच्या आंत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. फ्रान्सचा सामाजिक इतिहास शिकविण्यास याहून चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाहीं. तसेंच वेलींच्या त्या सरळ रांगांचें. त्या प्राचीन आहेत असें पाहणारा समजतो. वस्तुतः त्या बहुतेक दीड शतकाच्या आंतबाहेरच्या आहेत. १८६० नंतर अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नामक किडीनें मुळें पोखरून फ्रान्सचे मळे ओसाड केले. त्यापूर्वीं तेथें वेली दाटीवाटीनें, जुनी फांदी जमिनींत दाबून, वाटेल तशा वाढवीत असत. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचें कलम करण्याचा उपाय सांपडला, सर्व लागवड नव्यानें करावी लागली, आणि तेव्हां घोड्याचा नांगर चालावा म्हणून रांगा आल्या. म्हणजे ज्या रांगांतून आज प्रवासी चालतो, त्या एका महान् आपत्तीच्या खुणा आहेत. आमचा नाशिक-सांगलीकडील बागाईतदार हें वाचून हंसणार नाहीं. कारणें निराळीं असलीं तरी अमेरिकन खुंट त्यालाही परिचित आहे. आणि मोरचूद व चुना यांचें जें 'बोर्डो मिश्रण' तो पावसाळी हवेंत फवारतो, तें बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनीं १८८५ सालीं पुढें आणलें. आमच्या प्रवासी मंडळींपेक्षां हा बागाईतदार तेथें गेला तर अधिक पाहील, याविषयीं आम्हांस संशय नाहीं.

आल्सास प्रांतांत गेल्यास वाट याहूनही गंभीर बोलते. तेथें व्होज पर्वताच्या रानांतून उतरणाऱ्या पायवाटा थेट द्राक्षमळ्यांत येतात. १८७१ सालीं हा प्रांत जर्मनीकडे गेला, १९१८ सालीं फ्रान्सकडे आला, १९४० सालीं पुन्हां जर्मनीनें घेतला आणि १९४५ सालीं पुन्हां फ्रान्सचा झाला. हुनावीर गांवीं मळ्यांच्या मधोमध तटबंदीचें चर्च आहे; कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोघेही तें शतकानुशतकें वापरीत आले आहेत. तेथून पलीकडे सिगोल्सहाइमच्या टेकडीवर, चोहोंकडून वेलींनीं वेढलेलें, दीड हजारांहून अधिक सैनिकांचें दफनस्थान आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हीं गांवें उद्ध्वस्त झालीं, त्या लढाईंत हे पडले. आणि त्यांत मोरोक्को-अल्जीरियाकडून आणलेले मुसलमान शिपाई किती, हें त्यांच्या कबरींवरील दगडच सांगतात. परसत्तेसाठीं परमुलखांत मेलेल्यांच्या कबरी पाहून हिंदी मनुष्याच्या मनांत कांहीं हालणार नाहीं काय? परंतु मोटारगाडी तेथें थांबत नाहीं. कारण तेथें कांहीं विकत मिळत नाहीं.

आतां आमच्यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतील, हें आम्ही जाणतों. पहिला आक्षेप आमच्या सोवळ्या मित्रांचा. ते म्हणतील, "मद्याच्या माहेरघराचें हें गुणगान आमच्या मुलाबाळांसमोर कशास?" आम्ही स्वतः मद्य घेत नाहीं आणि त्याचा कैवारही घेत नाहीं. परंतु मळा पाहिल्यानें मद्यपी होतो हें म्हणणें, स्मशानावरून गेल्यानें मनुष्य मरतो म्हणण्यासारखें आहे. उलट, फ्रान्सची स्वतःची गोष्टच पाहा. १९६० च्या सुमारास तेथें दरडोई दरसाल शंभर लिटरांहून अधिक वाइन खपत असे. आज तिचें प्रमाण निम्म्याहूनही खालीं आलें आहे. १९९१ च्या कायद्यानें मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधनें घातलीं आहेत. बोर्दोच्या परिसरांत तर २०२३ पासून सरकारी साहाय्य घेऊन हजारों हेक्टर वेली उपटल्या गेल्या. तेव्हां फ्रेंच मनुष्य पेला कमी करीत असतां आमचा प्रवासी मात्र तेथें केवळ पेल्यासाठीं जातो, ही गंमत आमच्या सोवळ्या मित्रांनीं ध्यानांत घ्यावी. आणि राग धरावयाचा तर पेल्यावर धरावा, वाटेवर नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. "वाटा काय, पडल्या आहेत, चालणारा चालेल, न चालणारा मोटारीनें जाईल. यांत एवढें रागावण्यासारखें काय?" येथेंच खरी मेख आहे. वाटा पडलेल्या नसतात; त्या राखाव्या लागतात. १८७२ सालीं आल्सासमधील साव्हेर्न येथें 'क्लब व्होजियँ' ही संस्था निघाली. तिचे स्वयंसेवक आजही सुमारें वीस हजार किलोमीटरांच्या वाटा खुणा रंगवून, झुडपें तोडून चालत्या ठेवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, देश अर्धवट मोडलेला असतां, १९४७ च्या ऑगस्टांत झां ल्वाझो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ल्वार नदीकांठीं ऑर्लेआँजवळ पहिली तांबड्या-पांढऱ्या खुणांची दीर्घ पदयात्रेची वाट उघडली. आज अशा खुणा केलेल्या वाटा फ्रान्सभर दीड लाख किलोमीटरांहून अधिक आहेत. यांतील पुष्कळ भाग 'शमँ र्‍युराल', म्हणजे गांवाच्या मालकीच्या पण सर्वांच्या वापराच्या रस्त्यांवरून जातो. पुष्कळ भाग मात्र खाजगी जमिनींतून, केवळ मालकाच्या संमतीनें जातो. १९८३ च्या जुलैमध्यें कायदा झाला कीं, जिल्ह्यानें अशा वाटांची नोंद ठेवावी, आणि नोंदलेला ग्रामरस्ता विकावयाचा तर त्याच्या जागीं दुसरा योग्य मार्ग दिल्यावांचून तो विकतां येऊं नये. परंतु नोंद कशाची होणार? ज्या वाटेवर माणसें चालतात तिची. जिच्यावर कोणी फिरकत नाहीं, ती प्रथम गवत खातें, मग शेजारचा मालक खातो.

आणि मालक बदलत आहेत. मोरे-सँ-दनी या बर्गंडींतील एका लहानशा गांवीं २०१४ आणि २०१७ या सालीं दोन जुने, भिंतबंद मळे चैनीच्या वस्तूंच्या व्यापारांतील अतिधनाढ्य घराण्यांकडे गेले. त्यांनीं कोणाची वाट अडविली असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जेथें जमिनीचा भाव तेथें राबणाऱ्याच्या आवांक्याबाहेर जातो, तेथें वाटेचा भरंवसा शेजारधर्मावर सोडून चालत नाहीं. २ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याचें उदाहरण ताजें आहे. रानावनांत मोठमोठीं कुंपणें घालण्याची जी चाल सोलोन्य भागांत बोकाळली होती, तिला आळा घालावा म्हणून हा कायदा झाला. कुंपण जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर असावें आणि १.२० मीटरहून उंच नसावें, म्हणजे वन्य पशूंस मोकळेपणीं जातां येईल. उत्तम! पण त्याच कायद्यानें, खाजगी म्हणून खूण केलेल्या रानांत परवानगीवांचून शिरणाऱ्या माणसास ७५० युरोंपर्यंत दंडाची तरतूद केली. म्हणजे रानडुकरास वाट मोकळी, आणि माणसास दंड! त्याच वर्षीं शार्त्रोज पर्वतांत एका मोठ्या जमीनदारानें शेंकडों हेक्टर रान पदयात्रिकांस बंद केलें, आणि लोक निषेधार्थ रस्त्यावर उतरले. तो मुलूख द्राक्षांचा नव्हे. पण कायदा सर्व देशाचा आहे.

येथें द्राक्षकऱ्याची बाजू सांगणें न्यायाचें होईल. तोडणीच्या दिवसांत कित्येक गांवीं मळ्यांतील वाटा बंद ठेवतात. औषध फवारतांना परक्यानें जवळ येऊं नये हें त्याच्याच हिताचें. आणि जातां जातां घड खुडणारा प्रवासी हा चोरच होय, मग तो कितीही शिकलेला असो. हे निर्बंध आम्हांस शिरसावंद्य आहेत. परंतु कामासाठीं घातलेला निर्बंध निराळा आणि मालकीच्या तोऱ्यासाठीं घातलेला निराळा. पहिला काम संपतांच उठतो. दुसऱ्यास अंत नाहीं.

हें सर्व परक्या देशाचें भांडण, त्याच्याशीं आमचें काय, असें कोणी म्हणेल. त्यानें आपल्या मूळ गांवीं जाऊन पाणंदीची चौकशी करावी. आजोबा ज्या पाणंदीनें मळ्यांत जात, ती आज किती रुंद उरली आहे? दोहों बाजूंचे बांध दरसाल एकेक वीत सरकत आले, आणि १९०६ चा मामलेदार कोर्टांचा कायदा वाट मोकळी करून देण्यास असतांही अर्ज करण्यास पुढें कोण येतो? ज्याचे पाय त्या वाटेवर पडतात तोच. शहरांत राहून वर्षांतून एकदां मोटारीनें देवास जाऊन येणाऱ्यास पाणंद गेल्याचें कळतही नाहीं. जो घरची वाट विसरला, त्यास परदेशांतील वाट दिसूं नये, हें क्रमप्राप्तच आहे.

म्हणून आमच्या वाचकांस आमची आग्रहाची सूचना आहे. ज्यांस फ्रान्सांत जाण्याची ऐपत आहे, त्यांनीं चार तळघरांपैकीं तीन सोडावीं. दिजाँहून साध्या आगगाडीनें झेव्रे-शांबेर्तांस उतरावें, खांद्यावर पाण्याची बाटली व पाव घ्यावा, आणि मळ्यांतून रानांत, रानांतून दरींत असा एक दिवस घालवावा. वयाची सबब सांगणाऱ्यांसाठीं मळ्यांतील सपाट रस्ते आहेतच; आम्हींही पन्नाशी ओलांडली आहे, आणि चढावर दोनदां बसलों, हें कबूल करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. मुलांस बरोबर न्यावें, आणि त्यांच्याकडून प्रत्येक गांवाचें नांव पाठ करून घ्यावें. परत आल्यावर कोणीं विचारलें कीं, वाइन कशी होती, तर खुशाल सांगावें कीं, चव घेण्यास सवड झाली नाहीं. वाट मात्र मोकळी आहे, आणि आम्ही तीवरून चालून आलों.