शून्याचे वीस टक्के

5 ऑक्टोबर 2020 रोजी महाराष्ट्रातली हॉटेले कोरोनाच्या टाळेबंदीनंतर, सहा महिन्यांनी, निम्म्या क्षमतेने उघडली. पुण्याच्या बिबवेवाडीत व्हीआयटी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आसपास मुलांच्या जेवणावर चालणाऱ्या मेसला मात्र त्या परवानगीचा फारसा उपयोग नव्हता. शिकवणी ऑनलाइन, मुले आपापल्या गावी. वर्ग पुरते भरायला आणखी वर्षाहून जास्त काळ गेला. मधल्या काळात 5 एप्रिल 2021 पासून पुन्हा टेबले बंद, फक्त पार्सल.

हॉटेल बंद झाले म्हणून त्याचा खर्च बंद होत नाही. गाळ्याचे भाडे चढत राहते आणि गाळामालक ते डिपॉझिटातून वळते करून घेतो. हा धंदा गल्ल्यावर चालतो. दूध, भाजी, गॅसची टाकी, कामावरच्या मुलांची उचल, सगळे रोजच्या रोज जाते. शिल्लक टाकून सहा महिने बसून खाण्याची ऐपत त्यात येणार कुठून? आचारी नि वेटर मिळेल त्या वाहनाने गावी गेले. मग परवानगी आली तेव्हा भट्टी होती, पण तिच्यापुढे उभे राहणारे हात नव्हते.

सरकारने काय दिले? केंद्राने मे 2020 मध्ये तीन लाख कोटींची तातडीची कर्जहमी योजना आणली. तारण नको, हमी सरकारची. तिच्यामुळे पुष्कळ उद्योग तगले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण कर्ज मिळणार होते ते 29 फेब्रुवारी 2020 रोजी अंगावर असलेल्या कर्जाच्या वीस टक्के. मार्च 2021 मध्ये हॉटेल आणि पर्यटन क्षेत्रासाठी ते चाळीस टक्के झाले. 2022 च्या अर्थसंकल्पात याच क्षेत्रासाठी 50 हजार कोटींची वाढीव हमी राखून ठेवली गेली. आकडे वाढत गेले, पण अट तीच राहिली. ज्याने बायकोचे दागिने मोडून, भिशी उचलून मेस थाटली आणि बँकेची पायरी कधी चढलीच नाही, त्याच्या वाट्याला आधी शून्याचे वीस टक्के आले, मग शून्याचे चाळीस.

हातगाडीवाल्यासाठी पीएम स्वनिधीचे दहा हजारांचे कर्ज होते. राज्य सरकारने एप्रिल 2021 मध्ये नोंदणीकृत फेरीवाल्यांना, रिक्षाचालकांना, बांधकाम मजुरांना, घरकामगारांना 1500 रुपयांची मदत जाहीर केली. रक्कम तुटपुंजी, तरी ती मदत होती, कर्ज नव्हते. त्या यादीत हॉटेल कामगार नव्हता. व्यावसायिक ग्राहकांच्या वीजबिलातला स्थिर आकार तीन महिने पुढे ढकलला गेला. ढकललेले बिल शेवटी दारात येतेच.

जर्मनीने नोव्हेंबर 2020 मध्ये बंद ठेवलेल्या उपाहारगृहांना आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या उलाढालीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ केली. ब्रिटनने घरी बसलेल्या कामगारांचा 80 टक्क्यांपर्यंत पगार सरकारी तिजोरीतून दिला. आपली तिजोरी तेवढी खोल नाही, हे कबूल. पण सर्वांच्या जिवासाठी ज्याचे शटर खाली ओढायला लावले, त्याच्या नुकसानीत सर्वांचा वाटा असला पाहिजे, हे तत्त्व श्रीमंत देशांपुरते नाही.

आपल्याकडेही राज्य कामगार विम्यात नोंद असलेल्या, काम गेलेल्या कामगाराला 2020 मध्ये सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम नव्वद दिवसांपर्यंत मिळू शकत होती. या विम्याचे रुग्णालय बिबवेवाडीतच उभे आहे. छोट्या खानावळीत मोरीवर ताटे घासणाऱ्या मुलाचे नाव मात्र त्या विम्यात सहसा नसते. म्हणून ही योजना असूनही तो तिच्याबाहेर राहिला.

टाळेबंदीत अशा माणसांच्या याद्या करायला वेळ नव्हता, असे म्हटले जाते. पण खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाने अन्नसुरक्षा नोंदणी करायची किंवा परवाना घ्यायचा असतो. बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या खानावळवाल्यासाठी नोंदणीचे शुल्क तेव्हा वर्षाला शंभर रुपये होते. नाव, पत्ता, धंद्याचा प्रकार सरकारदफ्तरी आहे. त्याला बँक खाते जोडावे, कामावरच्या माणसांची नावे भरून घ्यावीत आणि सक्तीच्या बंदीत दिवसामागे किती रक्कम द्यायची, स्थिर आकार नि मिळकतकर किती माफ करायचा, हे राज्याने आत्ताच नियमात लिहून ठेवावे. हा नियम पुढच्या अधिवेशनात यायला हवा.