बागेतलं ‘कुणीतरी’ म्हणजे कोण?

बागेत जॉगिंग ट्रॅकवर चालताना मागून हॉर्न वाजला, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. बाजूला होता, मनातल्या मनात एक शिवी हासडता, इअरफोन परत कानात घालता आणि चालू लागता. मीही दोन वर्षं तेच करत होते.

आमच्या घराजवळ महापालिकेची एक बाग आहे. फार मोठी नाही. एक ट्रॅक, दोन घसरगुंड्या, ओपन जिम आणि चार-पाच जुनी झाडं. फाटकावर नियमांचा बोर्ड आहे. ‘वाहने आत आणू नयेत’ हा त्यातला पहिलाच नियम. दुचाकी आत जाऊ नये म्हणून फाटकात लोखंडी पाइपही रोवलेत. त्यातला एक कधीतरी उखडला गेला आणि तेव्हापासून बाग म्हणजे सिग्नल चुकवायचा शॉर्टकट झाली.

एका रविवारी अशाच एका गाडीचा धक्का लागून एक आजोबा पडले. मनगट मोडलं. गाडीवाला थांबलाही नाही. त्यांना रिक्षात बसवताना आम्ही सगळे एकच वाक्य बोलत होतो, ‘कुणीतरी तक्रार करायला पाहिजे राव!’ रिक्षा गेली, घोळका पांगला आणि मला प्रश्न पडला, हे ‘कुणीतरी’ म्हणजे नक्की कोण?

तक्रार हा शब्द आपल्याला शाळेपासून नकोसा वाटतो. ‘बाई, हा बघा ना...’ म्हणणारं पोर वर्गात कुणाला आवडायचं? मोठं झालो की त्यात घरच्यांची भर पडते. ‘उगाच कशाला वाकड्यात शिरायचं’, ‘तक्रार करून होतं काय’. पण चुगली आणि तक्रार यात फरक आहे. चुगलीत कुणालातरी अडकवायचं असतं. तक्रारीत काहीतरी दुरुस्त करून घ्यायचं असतं. बाग आपल्याच पैशातून चालते. तुम्ही कॉट बेसिसवर राहत असाल, तरी घरमालक मालमत्ता कर भरतो तो तुमच्या भाड्यातूनच.

आणि तक्रारीने काहीच होत नाही, हेही खरं नाही. मुंबईच्या शिवाजी पार्कचं उदाहरण घ्या. सभांच्या भोंग्यांना कंटाळलेले रहिवासी कोर्टात गेले आणि 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मैदान शांतता क्षेत्र ठरवलं. पुढे काही ठरावीक दिवसांना सूट मिळाली, वादही झाले. पण एवढ्या गाजलेल्या मैदानाबद्दल कोर्टाला निर्णय द्यावा लागला, तो शेजारी राहणाऱ्यांनी कागद हलवले म्हणून.

मग मीही उत्साहाने तक्रार केली. महापालिकेच्या ॲपवर लिहिलं, ‘बागेत फार बेशिस्त आहे, कृपया लक्ष द्यावे.’ चार दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ संध्याकाळी बागेत गेले, तर गाड्या तशाच सुसाट. मात्र फाटकाबाहेर कणसं भाजणाऱ्या मावशी दिसेनात. त्यांची शेगडी आणि टोपली अतिक्रमणवाले उचलून घेऊन गेले होते.

माझ्या तक्रारीचा त्याच्याशी संबंध होता का, हे मला कुणी सांगितलं नाही. पण मी ‘बेशिस्त’ असं मोघम लिहिलं होतं, आणि बागेच्या आसपास सगळ्यात सहज उचलता येण्यासारखं काय होतं, तर एका बाईची शेगडी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आठ दिवसांनी मावशी परत आल्या. शेगडी नवीन होती. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘ताई, पुढच्या टायमाला लिवाल तवा नीट लिवा. कोण काय करतंय ते लिवा.’

तक्रार कशी लिहायची, याचा यापेक्षा चांगला धडा मला कॉलेजात मिळालेला नाही. दुसरी तक्रार मी अशी लिहिली: मागचं फाटक, रोज संध्याकाळी सहा ते आठ, दुचाकी आत येतात, कारण डावीकडचा पाइप उखडला आहे, तो बसवावा. सोबत पाइपचा फोटो. ॲपचा टोकन नंबर जपून ठेवला. शिवाय एक साधा अर्ज दोन प्रतींत नेऊन दिला आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. हा शिक्का फार कामाचा. तो असला की ‘अर्ज मिळालाच नाही’ असं म्हणता येत नाही. तरी दोन फेऱ्या झाल्या, दोन टेबलं फिरले. पाचव्या आठवड्यात पाइप बसला.

एवढं करूनही उत्तर आलं नाही तर? माहिती अधिकार कायदा 2005 पासून आहे. दहा रुपये शुल्क भरून ‘माझ्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली’ असं विचारता येतं आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. रात्री दहानंतर बागेत स्पीकर दणदणत असेल किंवा मारामारी चालली असेल, तर अर्ज लिहीत बसू नका, 112 ला फोन लावा. कुणी झाड तोडताना दिसलं, तर परवानगीचा कागद विचारा. शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तसा 1975 पासून कायदा आहे. मात्र समोरचे चार जण दारू पिऊन बसले असतील, तर हिरोगिरी नको. लांब व्हा आणि मग फोन करा.

आता तुम्हा-आम्हाला थेट लागणारी गोष्ट. बागेत बाकावर एक मुलगा आणि मुलगी बोलत बसलेत. पलीकडून एक काका फोटो काढतात आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, ‘बागेत काय चाललंय बघा!’ त्या मुलीच्या घरी रात्री काय होतं, याच्याशी काकांना देणंघेणं नसतं. याला मी तक्रार म्हणणार नाही. बाकावर बसून बोलल्याने कुणाची वाट अडत नाही, काही मोडत नाही, कुणाला इजा होत नाही. ‘मला बघवत नाही’ हा काही बोर्डावरचा नियम नाही.

पण काकांवर हसताना आपलाही मोबाइल तपासू या. गाडीवाल्याचा चेहरा झूम करून रील टाकणारे आपणच असतो. रीलला लाइक मिळतात, टोकन नंबर मिळत नाही. त्या पोराला हजार शिव्या पडतात आणि पाइप उखडलेलाच राहतो. फोटो जरूर काढा. गाडीचा नंबर दिसत असेल तर तो वाहतूक पोलिसांकडे पाठवा, स्टोरीवर नको.

म्हणून तक्रार पाठवण्याआधी एकदा वाचून बघा. यात नेमकी जागा, वेळ आणि मोडलेला नियम आहे का? आणि यावर कारवाई झालीच, तर ती कुणावर होईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल, तर तक्रार पुन्हा लिहा.

आजोबा आता परत फिरायला येतात. प्लास्टर निघालंय. मावशींकडे कणीस खायला थांबलं की त्या मला ‘अर्जवाली ताई’ म्हणून हाक मारतात. परवा त्यांनीच दाखवलं, पुढच्या फाटकाचा पाइप हलायला लागलाय. फोटो काढलाय. या वेळी अर्जावर एकटीची सही नको. त्याच ट्रॅकवर तुम्हीही रोज चालता ना?