परसातले कलम

दर जुलैत वृक्षलागवडीचे आकडे जाहीर होतात. खड्डे किती खणले, रोपे किती वाटली, याचा हिशेब असतो. त्यांतली किती रोपे तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जगली आणि किती घरांत त्यांचे फळ आले, हा हिशेब सहसा कुणी मागत नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो मागायला हवा. कारण इथे झाड म्हणजे सावली किंवा शोभा एवढेच नसते. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा भागात ते ताटातले अन्न असते, बाजारातले चार पैसे असतात आणि अडीअडचणीला औषधही असते.

अशा झाडांत आवळ्याचा मान मोठा. कार्तिक शुद्ध नवमीला त्याच्याखाली भोजन करण्याची रीत आहे, तुळशीच्या लग्नाला आवळा-चिंच लागते आणि सातपुड्याच्या उतारांवर तो कुणी न लावताही उगवतो. आयुर्वेदाने त्याला त्रिफळ्यात बसवले. आधुनिक पोषणशास्त्राने त्यातले क जीवनसत्त्व मोजले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले होते. २०१७च्या नव्या तक्त्यांत हा आकडा सुमारे २५० आहे. जात, पिकण्याची अवस्था आणि मोजण्याची पद्धत यांमुळे असा फरक पडू शकतो. पण कमी आकडा धरला तरी हिशेब बिघडत नाही. प्रौढ माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅमची. चाळीस ग्रॅमचा एक ताजा आवळा ती भागवतो.

नंदुरबारच्या संदर्भात या आकड्याचा अर्थ लोहाशी जोडलेला आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी आणि रानभाज्या यांत लोह असते, पण ते वनस्पतीजन्य असल्याने शरीरात फारसे शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर हे शोषण वाढते. जेवणाला लागून चहा घेतला तर ते घटते. म्हणून गरोदर बाईच्या ताटात भाकरीबरोबर कच्च्या आवळ्याची चटणी असणे हा चवीपुरता प्रश्न नाही. शिजवताना आणि उन्हात वाळवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो, मुरांब्यात साखर भरपूर असते. त्यामुळे ताजा आवळा, मिठातला आवळा किंवा पाट्यावरची चटणी हेच खरे रूप.

इथेच एक सावधगिरीही सांगायला हवी. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल आजार आढळतो. हा आजार जनुकीय आहे. तो आवळ्याने, आवळ्याच्या रसाने किंवा कोणत्याही चूर्णाने बरा होत नाही. सिकलसेलमधला रक्तक्षय तांबड्या पेशी लवकर फुटण्यातून येतो, लोहाच्या कमतरतेतूनच येतो असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह जास्त साचलेले असू शकते. अशा रुग्णाने लोहाच्या गोळ्या किंवा क जीवनसत्त्वाचा मारा तपासणीशिवाय करू नये. जेवणातल्या एखाद्या फळाला भिण्याचे कारण नाही. फळाला औषध समजून उपचार सोडणे मात्र घातक आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा पाया तपासणी हाच आहे. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनीही आवळ्याचे अर्क आणि चूर्ण नियमित घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

एवढे भान ठेवले तर परसात आवळा हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कसा लावायचा, याचा. जंगलातल्या आवळ्यावरच सगळी भिस्त ठेवणे परवडणारे नाही. हाताला न येणारे फळ काढायचे म्हणून फांदीच तोडली की त्या फांदीचा पुढचा बहर गेला, आणि फळे सगळीच वेचली तर नव्या रोपांना बीच उरत नाही. वनहक्क कायदा २००६ने लघु वनोपजावर लोकांचा हक्क मान्य केला; तो हक्क टिकायचा तर झाडेही टिकायला हवीत. दुसरीकडे वाटपात येणाऱ्या रोपाची जात कोणती, ते बियांचे की कलमी, हे घेणाऱ्याला बहुधा कळत नाही. बियांपासून वाढलेल्या आवळ्याला फळ यायला सात-आठ वर्षे लागू शकतात आणि फळ आईसारखेच निघेल याची खात्री नसते. कलमी झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखवू लागते.

फांदी तोडून मातीत खोचावी आणि झाड व्हावे, असा आवळा नाही; त्याच्या काडीला मुळे फुटणे अवघड. म्हणून रानटी आवळ्याच्या बियांपासून खुंट तयार करायचा आणि त्यावर चांगल्या झाडाचा डोळा भरायचा, हाच खात्रीचा मार्ग. यात न जमण्यासारखे काही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत झाडावर पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत, गर काढून आठळ्या उन्हात वाळवाव्यात. नीट वाळली की कठीण आठळी आपोआप तडकते आणि आतून सहसा सहा बारीक बिया निघतात. त्या पाण्यात टाकाव्यात. तरंगतील त्या पोकळ समजून काढाव्यात, तळाशी बसतील त्या रात्रभर भिजवून पेराव्यात. मार्चअखेर उंच पिशवीत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात भरून बी पेरले, वर हलकी सावली दिली, तर पावसाळ्यापर्यंत रोप लावण्याजोगे होते.

त्याहून बरे म्हणजे पिशवीचा टप्पाच टाळणे. मे महिन्यात कायमच्या जागी खड्डा खणून भरून घ्यावा, पहिला चांगला पाऊस झाल्यावर तिथेच तीन-चार बिया टाकाव्यात आणि त्यांतले सर्वांत जोमदार रोप ठेवावे. अशा रोपाचे सोटमूळ न वळता, न तुटता खोल जाते. सातपुड्याच्या मुरमाड उतारावर, जिथे एप्रिलमध्ये पाणी डोक्यावरून आणावे लागते, तिथे या सोटमुळाची किंमत ठिबक संचाहून कमी नाही.

पुढच्या पावसाळ्यात खोड पेन्सिलीइतके जाड झाले की डोळा भरण्याची वेळ येते. जून ते सप्टेंबर या काळात झाडात रस वाहता असतो आणि साल सहज सुटते. जमिनीपासून वीतभर उंचीवर खुंटाच्या सालीचा इंचभर लांबीचा चौकोनी तुकडा काढायचा. भरपूर फळणाऱ्या, ओळखीच्या झाडाच्या चालू वर्षीच्या फांदीवरून त्याच मापाचा, मधोमध डोळा असलेला तुकडा अलगद काढून तिथे बसवायचा. डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचा. म्हणूनच याला ठिगळ पद्धत म्हणतात. चाकू धारदार आणि स्वच्छ हवा, तुकडा वाळू देता कामा नये, आत पाणी शिरू देता कामा नये. तीन आठवड्यांनी ठिगळ हिरवे दिसले तर डोळा लागला. मग वरचा शेंडा छाटायचा आणि डोळ्याखाली खुंटाला फुटणारी पालवी वेळच्या वेळी खुडायची. ती राहिली तर रानटी खुंटच जोर धरतो आणि कलम मागे पडते. डोळा नाही लागला तरी रोप मरत नाही. त्याच हंगामात थोडे वर किंवा खाली पुन्हा प्रयत्न करता येतो.

एक चूक मात्र वारंवार होते. परसात एकच कलम लावले जाते, ते फुलते, पण फळ धरत नाही आणि मग झाड ‘वांझ’ ठरते. आवळ्यात नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, आणि बऱ्याच जातींत स्वतःच्या परागाने फळधारणा फार कमी होते. म्हणून दोन वेगळ्या जाती जवळपास हव्यात. उत्तर प्रदेशातल्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठाने निवडलेल्या एनए-७, कृष्णा आणि कांचन या जाती प्रसिद्ध आहेत. एनए-७च्या शेजारी कृष्णा किंवा कांचन असली की काम होते. एका घराला दोन झाडांची जागा नसेल तर शेजाऱ्याने दुसरी जात लावावी. वाडी-पाड्यावर एवढी समजूत अवघड नाही.

फळ दिसेना म्हणून घाईने निराश होणेही नको. आवळा मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, पण धरलेले फळ कडक उन्हाळाभर डोळ्याला दिसेल असे वाढतच नाही. पावसाळ्यात ते फुगू लागते. चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या जिल्ह्याला शोभणारीच ही युक्ती. रोप लहान असताना मात्र ते दोन गोष्टींना जपावे लागते: शेळ्यांना आणि थंडीला. पहिल्यासाठी काट्यांचे कुंपण, तर तोरणमाळसारख्या उंचावरच्या भागात हिवाळ्यात गवताचा आडोसा.

हे सगळे शिकायला जास्तीत जास्त दोन दिवस लागतात. आणि इथेच धोरणाचा प्रश्न येतो. १९९०मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड दिली. आजच्या योजनांच्या यादीतही आवळा आहे. पण योजनेचा भर तयार रोप देण्यावर राहतो, रोप तयार करण्याची कला देण्यावर नाही. रोप एकदाच मिळते, मेले की संपते. कला गावात राहते. कोळद्याचे कृषी विज्ञान केंद्र आणि नंदुरबारचे कृषी महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. प्रत्येक मोठ्या गावातून दोन तरुण-तरुणींना डोळा भरायला शिकवणे, आश्रमशाळांच्या आवारात दोन-तीन खात्रीच्या जातींची मातृझाडे लावणे आणि अंगणवाडीच्या परसबागेत आवळ्याची जोडी ठेवणे, याला मोठ्या निधीची गरज नाही. गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे जेवण मिळतेच. हंगामात त्या ताटात अंगणातल्या आवळ्याची चटणी पडली तर त्यातले लोह अधिक अंगी लागेल.

अक्राणीच्या डोंगरात उन्हाळ्यात कैऱ्या चिरून, वाळवून आमचूर करणाऱ्या घरांना फळाची किंमत कुणी शिकवायला नको. तिथल्या लोकांना झाडाची ओळख आहे, हंगामाची आहे, मातीची आहे. कमी आहे ती एका चाकूची, एका पट्टीची आणि दोन दिवसांच्या शिकवणीची. येत्या जुलैत जिल्हा प्रशासनाने रोपांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा: यंदा किती हात कलम बांधायला शिकले. तीन-चार वर्षांनी कोणत्या घरांत फळ येणार, हे त्या रकान्यावरूनच कळेल.