‘घन’ या शब्दाचा अर्थ

गेल्या श्रावणांतील गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपत आलीं होतीं. धाकट्या सूनबाईंच्या स्तनांचा क्ष-किरण फोटो, ज्यास डॉक्टर लोक मॅमोग्राम म्हणतात, आदल्या दिवशीं काढला होता. त्याचा अहवाल चिरंजीवांनीं आणला. रोगाचें चिन्ह कांहीं नव्हतें. मात्र शेवटीं ‘स्तन घन आहेत’ अशा अर्थाचें एक इंग्रजी वाक्य होतें. सूनबाई बेचाळीस वर्षांच्या. त्यांना मूल नाहीं. थोरल्या वहिनींनीं सुस्कारा टाकला व म्हणाल्या, “वेळेवर कूस उजवली असती, तर हें मागें लागलें नसतें.” वहिनींच्या मनांत दुष्टावा नव्हता, परंतु सूनबाई पाटावरून उठून आंत गेल्या, त्या संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहींत.

ज्यानें जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, त्या मास्तराच्या घरांत एका शब्दानें असें दुःख द्यावें, हें मला लागलें. म्हणून जाणत्या डॉक्टरांना विचारून व वाचून त्या शब्दाचा जो अर्थ हातीं आला, तो वाचकांपुढें ठेवतों.

संस्कृतांत ‘घन’ म्हणजे दाट, आणि घन म्हणजे मेघही. येथें दोन्ही अर्थ लागू पडतात. स्तनांत दुग्धग्रंथि, त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि चरबी असते. चरबींतून क्ष-किरण सहज आरपार जातात, म्हणून ती फोटोंत काळसर दिसते. ग्रंथि व तंतू पांढरे दिसतात. हा पांढरा भाग अधिक असला म्हणजे स्तन घन म्हणावयाचे. अशा चार प्रती मानतात व त्यांतील शेवटच्या दोन घन समजतात. हाताला टणक किंवा मऊ लागण्यावरून ही प्रत ठरत नाहीं. अडचण अशी कीं, कर्करोगाची गांठही फोटोंत पांढरीच दिसते. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या रानांत पडलेलें कापसाचें बोंड दुरूनही ओळखूं येतें. तेंच कापसाच्या ढिगांत पडलें तर शोधावें कसें? शिवाय अतिशय घन स्तनांत रोगाचा संभवही कांहींसा अधिक असतो. अमेरिकेंतील डॉक्टर जॉन वुल्फ यांनीं १९७६ सालीं हा संबंध ठळकपणें मांडला व पुढील संशोधनानें तो दृढ झाला.

आतां वहिनींच्या उद्गाराकडे वळूं. त्यांत सत्याचा अंश आहे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. अठराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील वैद्य रामाझ्झिनी यांस जोगिणींच्या मठांत हा रोग अधिक आढळला. इंग्लंडांत जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीनें १९२६ सालीं रोगी व निरोगी स्त्रियांची तुलना करून अपत्यें व स्तन्यपान यांचा रोगाशीं असलेला संबंध दाखविला. गर्भारपणांत दुग्धग्रंथि पूर्ण वाढतात. अंगावरचें दूध सुटल्यावर त्या आकसतात व त्यांची कांहीं जागा चरबी घेते. म्हणून ज्यांस अपत्यें अधिक व पहिलें लवकर, त्यांचे स्तन सरासरीनें कमी घन. अपत्य नसल्यास किंवा उशिरा झाल्यास अधिक घन.

परंतु अंश म्हणजे पूर्ण नव्हे. वय वाढतें, ऋतु थांबतो, तसतशी घनता उतरते. सडपातळ स्त्रियांत ती अधिक असते. जुळ्या बहिणींच्या अभ्यासावरून असें दिसलें कीं, वय वगैरे वजा केल्यावर उरणाऱ्या फरकाचा अर्ध्याहून अधिक भाग आनुवंशिक असतो. म्हणजे तो आईबापांकडून आलेला. अमेरिकेंत चाळिशी उलटलेल्या सुमारें निम्म्या स्त्रियांचे स्तन घनच असतात. त्यांत अनेक मुलांच्या आयाही आहेत. जी गोष्ट निम्म्या जगाला आहे, तिला व्यंग किंवा शासन कसें म्हणावें?

मातृत्वाचें कवचही आपण समजतों तेवढें जाड नाहीं. ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ सालीं काढलेला हिशेब असा: दर बाळंतपणामागें धोका सुमारें ७ टक्के, व दर बारा महिन्यांच्या स्तन्यपानामागें सुमारें ४ टक्के कमी होतो. उलट बाळंतपणानंतरचीं कांहीं वर्षें तो किंचित् वाढलेला असतो.

हें वाचून दाखवितांना माझ्या ध्यानांत आलें कीं, खरी चूक दुसरीकडेच होत होती. सदुसष्ट वर्षांच्या वहिनींनीं आजवर एकदाही तपासणी करविली नव्हती. “एवढीं मुलें अंगावर पाजलीं, मला काय होणार?” हें त्यांचें उत्तर. आपल्या शहरांत २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तरी घरांतील वडीलधाऱ्या बाया तिकडे फिरकत नाहींत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया घेऊन एक प्रयोग केला. त्यांपैकीं निम्म्यांचे स्तन शिकविलेल्या सेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातांनीं तपासले. २० वर्षांचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला: पन्नाशीच्या वरील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं घटले.

तेव्हां अहवालांत ‘घन’ शब्द आला तर घाबरूं नये. प्रत कोणती तें विचारावें, आणि सोनोग्राफी हवी काय हें डॉक्टरांना ठरवूं द्यावें. अमेरिकेंत तर १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीस तिची घनता कळविणें सक्तीचें झालें आहे. गांठ हाताला लागली, त्वचा ओढली गेली किंवा रक्त आलें, तर फोटो निर्दोष असला तरी थांबूं नये. मग मुलें चार असोत वा एकही नसो.

अखेर वहिनी तयार झाल्या. सूनबाई त्यांना घेऊन गेल्या. मीही सोबत होतों. तेथील कागद सूनबाईच भरीत होत्या: ऋतु केव्हां आला, पहिलें बाळंतपण कितव्या वर्षीं, मुलें किती. वहिनी हळूच म्हणाल्या, “पांच.” घरांत चार आहेत. पहिली मुलगी आठ महिन्यांची होऊन गेली. पंचेचाळीस वर्षांत घरांत तिचें नांव कोणीं काढलें नव्हतें. सूनबाईंनीं मान वर न करतां ‘पांच’ लिहिलें, आणि मग वहिनींचा हात आपल्या हातांत घेतला.

तो कागद रोग शोधण्यासाठीं होता. बायकांची किंमत ठरविण्याचा रकाना त्यांत नव्हता. आपल्या माजघरांतही तो नसावा.