ब्रेनस्टॉर्मिंग, मसलत आणि खलबत

हल्ली शाळेच्या शिक्षकसभेपासून मशिदीच्या कमिटीपर्यंत कुठेही ‘जरा ब्रेनस्टॉर्मिंग करू या’ असे म्हटले जाते. शब्द आपण उचलला, पण त्याची मूळ अट सोडून दिली असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘ब्रेनस्टॉर्म’ म्हणजे वेडाचा झटका. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी थॉवर खुनाचा खटला चालला, तेव्हा बचाव पक्षाची भिस्त याच शब्दावर होती. आजचा अर्थ रुजवला तो ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरात व्यावसायिकाने. १९५३ साली निघालेल्या त्याच्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकामुळे तो जगभर गेला. त्याच्या लेखी ‘स्टॉर्म’ म्हणजे वादळ नव्हे, हल्ला. एका प्रश्नावर सर्वांनी मिळून चढाई करायची. त्याचे नियम चारच. कल्पना निघत असताना टीका करायची नाही, विचित्र कल्पनेलाही वाव द्यायचा, जितक्या जास्त सुचतील तितके चांगले, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची.

यातला पहिला नियम हीच ती अट. आपल्या बैठकीत तोच सर्वांत आधी मोडतो. एखादा तरुण तोंड उघडतो आणि ज्येष्ठ सदस्य म्हणतात, ‘हे होणार नाही.’ विषय संपला. बायकांना तर बहुतेक ठिकाणी बोलावलेलेच नसते.

मराठीत आपण याला ‘विचारमंथन’ म्हणतो. पण समुद्रमंथनात अमृताआधी हलाहल निघाले होते. तिथेच घुसळणे थांबले असते तर?

याहून जुने शब्दही आपल्या भाषेत आहेत. ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ दोन्ही एकाच अरबी धातूतून आले. त्या धातूत सुधारणा आहे, भले आहे. म्हणजे मसलत करायची ती सर्वांच्या हितासाठी. ‘मशवरा’ आणि ‘शूरा’ यांचा धातू वेगळा, आणि अरबीत पोळ्यातून मध काढण्याला वापरतात ते क्रियापद त्याच धातूचे. पोळे एका माशीने भरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘खलबत’. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला कारस्थानाचा वास लावला आहे. मुळात अरबी ‘खल्वत’ म्हणजे एकांत. १९५८ साली येल विद्यापीठातल्या एका प्रयोगात चार-चार जणांच्या गटांची तुलना एकेकट्याने विचार करणाऱ्या चौघांच्या एकत्रित कल्पनांशी केली गेली. एकेकट्यांच्या कल्पना जवळजवळ दुपटीने भरल्या. गटात माणूस आपली पाळी येण्याची वाट पाहतो, आणि लोक काय म्हणतील या धास्तीने गप्पही बसतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: आधी खल्वत, मग मसलत. प्रत्येकाने, म्हणजे बायकांनीही, घरी विचार करून चिठ्ठी लिहून आणावी. चिठ्ठ्या नावाशिवाय वाचाव्यात. सर्व वाचून होईपर्यंत कोणी ‘नाही’ म्हणू नये. चर्चेत सर्वांत लहान सदस्याने आधी बोलावे, अध्यक्षांनी शेवटी. मोहल्ल्यातली अभ्यासिका कशी चालवायची, शाळा सोडलेल्या मुलींना परत कसे आणायचे, या प्रश्नांवर हे एकदा करून पाहा. याला पैसा लागत नाही. फक्त मोठ्यांना थोडा वेळ गप्प बसावे लागते.