आधी पडायला शिकवतात का?

ज्यूदो किंवा कराटे शिकायचं मनात आलं, की फी विचारण्याआधी तासभर कोपऱ्यात बसून वर्ग पाहा. भिंतीवरच्या ढाली आणि पदकं जुन्या विद्यार्थ्यांची. तुम्ही बघायचं ते वर्गातल्या सगळ्यात नवख्याकडे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली, तिथून जगभर पसरलेल्या ज्यूदोत आजही सुरुवात होते ती पडायला शिकण्यापासून. त्याला उकेमी म्हणतात: हनुवटी छातीशी, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही, पडताना हाताची सपाट थाप. हे अंगवळणी पडण्याआधीच नवख्याला जोरात आपटत असतील, तर तिथून सरळ निघा, शिक्षक कितीही नावाजलेले असोत. खाली दबलेल्याने हार मानून मॅटवर थाप दिली की पकड त्याच क्षणी सुटते का, मॅटच्या जोडांत फटी आहेत का, हेही पाहा. दम लागून एखादा मुलगा मधेच थांबला, तर शिक्षक त्याच्याशी कसं बोलतात, यावरून मी तरी वर्ग ठरवेन. वर्षभराची फी एकदम भरू नका. आणि गुडघ्याचं, पाठीचं जुनं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका.