घराच्या दारी मुलांचे हात

दसरा उलटला की घरोघरी आवराआवरीला वेग येतो. माळ्यावरची खोकी खाली उतरतात. वर्षभर साठलेल्या लग्नपत्रिका, वह्यांचे पुठ्ठे, जुन्या साड्यांचे काठ, कडा उडालेली मातीची बोळकी असा ऐवज बैठकीच्या खोलीत पसरतो. त्यातील बहुतेक वस्तू दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे जातात आणि त्याच आठवड्यात बाजारातून प्लॅस्टिकचे तोरण व घडीचा कंदील घरी येतो. घर सजते, परंतु घरातील मुलांना त्या सजावटीत करण्याजोगे काही उरत नाही.

सांगलीतील एका घरात गेल्या दिवाळीत घडलेली गोष्ट लहानशीच आहे. तेथील आठ वर्षांच्या मुलीने शाळेत कागदी कंदील केला होता. तो एका अंगाला कलला होता आणि कडेला खळीचे डाग होते. धनत्रयोदशीला पाहुणे येणार म्हणून तो पुढच्या दारावरून मागच्या गॅलरीत गेला आणि पुढे विकतचा लागला. कोणी तिला रागावले नाही, तिच्या कंदिलाला नावेही ठेवली नाहीत. तिनेही हट्ट केला नाही. या वर्षी मात्र आजीने ‘यंदा काय करू या?’ असे विचारताच ती म्हणाली, ‘नको आज्जी, विकतचाच आण. दारात तोच लावतात.’

आजीला हे उत्तर फार लागले. मुलीला आपली कला येत नाही असे वाटत नव्हते. आपल्या वस्तूची जागा मागच्या गॅलरीत असते, एवढे ती शिकली होती. तेव्हा त्या घरात काम सुरू होण्यापूर्वीच एक नियम ठरला. मुले जे करतील ते जसे होईल तसे पुढच्या दारी लागेल. पाहुणे कोणीही येवोत. मुलांसह हस्तकलेला बसणाऱ्या प्रत्येक घराने हा नियम आधी करावा. त्यानंतरच कात्री हाती घ्यावी.

प्रथम खळ. दोन मोठे चमचे मैदा किंवा बारीक कणीक थोड्या पाण्यात गुठळी न राहता कालवावी, एक कप पाणी घालावे आणि मंद आचेवर पारदर्शक झाक येईपर्यंत ढवळावे. गॅसपाशी मोठ्या माणसाने उभे राहावे. ढवळण्याचे काम मोठ्या मुलांनी करावे. बांधणीचे कारागीर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी असल्याने मुलांच्या कामात मुळीच घालू नये. खळ ताजी करावी आणि एक-दोन दिवसांत संपवावी. पूर्वी सुतारकामात वापरला जाणारा सरस जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून बनत असे. म्हणूनही घरच्या कामाला पिठाची खळ बरी.

दुसरे काम तोरणाचे. हे धाकट्यांचे काम आहे. जाड लग्नपत्रिका निवडाव्यात. मात्र ज्या भागावर णमोकार मंत्र, भगवंतांची प्रतिमा किंवा नाव छापलेले असेल तो भाग आधी वेगळा काढून आदराने ठेवावा, म्हणजे आशातना होणार नाही. उरलेल्या कागदावर ६ सेंटीमीटर रुंद व १२ सेंटीमीटर लांब आंब्याच्या पानाचा छाप ठेवून ११ पाने काढावीत. पान उभे दुमडून पुन्हा उघडले की मधली शीर आपोआप उमटते. देठाकडे दीड सेंटीमीटर पट्टी जास्तीची ठेवावी. तीच सुतळीवर दुमडून चिकटवायची असते.

पाने किती अंतरावर लावायची, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्यावा. दार ९० सेंटीमीटर रुंद असेल तर त्याचे १२ समान भाग साडेसात सेंटीमीटरचे होतात आणि त्यांच्यामधील खुणा ११ येतात. प्रत्येक खुणेवर एक पान. सुतळी १२० सेंटीमीटर घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना बांधायला १५-१५ सेंटीमीटर राहते. पानाच्या माथ्यावर पिवळ्या व केशरी पतंगी कागदाच्या चार-पाच चकत्या मधोमध चुरगळून चिकटवल्या की झेंडू होतो. सांगलीच्या त्या मुलीने पहिली तीन पाने उलटी लावली, म्हणजे पत्रिकेची छापील बाजू पुढे आली. आईचा हात ती सरळ करायला पुढे झाला आणि नियम आठवून मागे आला. थोड्या वेळाने मुलीने स्वतःच उरलेली आठही पाने तशीच लावली. तिला पानावरची सोनेरी नक्षी आवडली होती.

तिसरे काम चांदणीच्या आकाशकंदिलाचे. हे किशोरवयीन मुलांकडे पूर्णपणे सोपवावे, कारण येथे मापाला चूक चालत नाही. त्या घरातील पंधरा वर्षांचा मोठा भाऊ ‘हे लहान मुलांचे काम’ म्हणून मोबाइल घेऊन बाजूला बसला होता. काड्यांचे माप काढायला कोणी नाही असे आजीने म्हटल्यावर तो उठला.

बुरूड आळीत बांबूच्या कामट्या मिळतात. ४५ सेंटीमीटर लांबीच्या १० आणि १० सेंटीमीटर लांबीच्या ५ कामट्या घ्याव्यात. सोलण्याचे व कापण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे. कुसळे पॉलिश पेपरने घासून काढावीत. प्रत्येक लांब काडीवर दोन्ही टोकांपासून सुमारे १७ सेंटीमीटरवर पेन्सिलीने खूण करावी. मध्ये साधारण साडेदहा ते अकरा सेंटीमीटर उरतात. पाच काड्या एकीखालून, एकीवरून अशा गुंफून चांदणी करावी. काड्या त्या खुणांवरच एकमेकींना छेदतात. ठरलेल्या मापाचे रहस्य मुलांना सांगण्याजोगे आहे: टोकाकडच्या तुकड्याला मधल्या तुकड्याने भागले की सुमारे १.६२ येते. यालाच सुवर्ण गुणोत्तर म्हणतात आणि प्रत्येक समान पंचकोनी चांदणीत ते असते.

पाचही टोके सुती दोऱ्याने घट्ट बांधावीत. अशीच दुसरी चांदणी करून पहिलीवर ठेवावी आणि दोघींची टोके एकत्र बांधावीत. आता आतील पाच छेदांशी, दोन चांदण्यांच्या मध्ये, छोट्या पाच काड्या उभ्या सरकवाव्यात. त्यांच्या टोकांना आधी खाच पाडली तर त्या निसटत नाहीत. सपाट सांगाडा क्षणात फुगून उभा राहतो. बाजूला बसलेली मुलेही या वेळी जवळ येतात.

त्यावर कागद चढवावा. पुढून पाच त्रिकोण व एक पंचकोन, मागून तितकेच आणि कडेचे दहा निमुळते त्रिकोण, असे एकूण २२ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा सांगाड्यावर ठेवून आखावा व एक सेंटीमीटर जास्त कापावा. खळ कागदाला लावू नये, काडीला लावावी. ओला पतंगी कागद फाटतो. वरच्या टोकाजवळचा कडेचा एक त्रिकोण मोकळा ठेवून त्यातून छोटा एलईडी दिवा आत सोडावा. दिवा कागदाला टेकू देऊ नये, आत मेणबत्ती किंवा पणती मुळीच ठेवू नये. खालच्या दोन टोकांना दोन सेंटीमीटर रुंदीच्या कागदी पट्ट्यांच्या झिरमिळ्या लावल्या की कंदील पुरा झाला.

चौथे काम जुन्या मातीच्या बोळक्याचे. गेरूमध्ये थोडा डिंकाचा पाणीदार घोळ मिसळून बाहेरून दोन हात द्यावेत. वाळल्यावर पांढऱ्या रंगाने चित्रे काढावीत. येथे मुलांना वारली चित्रांची ओळख करून देता येते. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली समाजाच्या सुवासिनी लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की तीच त्यांची कुंची होते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला लग्नाच्या भिंतीपलीकडे रोजच्या जीवनाच्या चित्रणाकडे व कागदावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणसाचे धड, वर वर्तुळ की डोके. एवढ्या बाराखडीवर मूल काहीही सांगू शकते. विवाहाचा चौक हा त्या समाजाच्या विधीचा भाग आहे, तो शोभेसाठी उतरवू नये. मुलांनी आपल्याच घराची चित्रे काढावीत. त्या बोळक्यावर आजी ताक घुसळते आहे, बाबा स्कूटरवर आहेत आणि भाऊ मोबाइलमध्ये पाहतो आहे. गेरू पाण्याने उतरतो, म्हणून असे बोळके घरातच ठेवावे व त्यात पेन्सिली किंवा वाळलेले गवताचे तुरे ठेवावेत.

या सर्व कामांना दोन सुट्ट्यांच्या दुपारी पुरतात. पतंगी कागद, कामट्या, गेरू आणि सुती दोरा एवढेच विकत आणावे लागते. खर्चाची यादी व हिशेब मोठ्या मुलाकडे द्यावा आणि उरलेली रक्कम त्याने परत करावी. मोठ्या माणसांची कामे तीनच: आच, सुरी आणि विजेची जोडणी. चौथे काम, म्हणजे मूल उठून गेल्यावर त्याचे वाकडे सरळ करून ठेवणे, कटाक्षाने टाळावे. मुलांच्या ते सकाळी लक्षात येते आणि मग पुढच्या वर्षी विचारल्यावर ‘विकतचाच आण’ असे उत्तर मिळते.

सांगलीच्या त्या घरी वसुबारसेला चांदणी पुढच्या दारी चढली. तिचे एक टोक किंचित खाली आहे, कारण एका काडीचे माप अर्धा सेंटीमीटर चुकले. भावाने ते उतरवून पुन्हा बांधायची तयारी दाखवली, तेव्हा धाकटी म्हणाली, ‘राहू दे दादा, आता लावलाय ना.’

दिवाळी संपल्यावर असा कंदील टाकून देऊ नये. कागद हलक्या हाताने भिजवून काढावा, सांगाडा वाळवून माळ्यावर ठेवावा. मधल्या एका छोट्या काडीवर पेन्सिलीने वर्ष व करणाऱ्यांची नावे लिहावीत. पुढील वर्षी फक्त कागद बदलावा लागतो आणि दुसऱ्या काडीवर नवे वर्ष लिहावे लागते. अशा पाच काड्या आहेत.